हृदय-अपयश असलेल्या बालकांतील झोप आणि श्वसनसाहाय्य

हृदयाला शरीराच्या गरजेपुरते रक्त पुढे ढकलता येत नाही, किंवा ते ढकलताना फुप्फुसांत रक्त तुंबते, तेव्हा त्या अवस्थेला हृदय-अपयश किंवा हार्ट फेल्युअर म्हणतात. ‘फेल’ हा शब्द कानावर पडताच पालक हादरतात. पण हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ नाही, ते कमी पडते आहे एवढाच आहे. मोठ्या माणसांत यामागे बहुधा झटक्याने दुबळा झालेला हृदयाचा स्नायू असतो. तान्ह्या मुलांत मुख्य कारण जन्मजात दोषांचे : खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र, किंवा जन्मानंतर मिटायला हवी ती रक्तवाहिनी उघडीच राहणे. थोड्या मोठ्या मुलांत स्नायूचा आजार (कार्डिओमायोपॅथी), विषाणूंमुळे आलेली सूज आणि भारतात अजूनही ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेल्या झडपा ही कारणे आढळतात.

ही अवस्था पहिल्यांदा आईच्या लक्षात येते, तीही दूध पाजताना आणि बाळ झोपल्यावर. चार घोट घेऊन बाळ दमते, कपाळ व टाळू घामाने भिजते, वजन वाढत नाही, आणि झोपेतही ‘पोट उडत’ राहते. जागे बाळ रडते, हलते, त्यामुळे श्वासाची मोजणी फसते. शांत झोपेत पूर्ण एक मिनिट मोजलेला श्वास खरा. जागतिक आरोग्य संघटनेने न्यूमोनिया ओळखण्यासाठी ठरवलेल्या मर्यादा इथेही उपयोगी पडतात : दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, पुढे एक वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४०. श्वास यापेक्षा जलद असून ताप-खोकला नसेल, तर हृदयाची तपासणी व्हायला हवी. वारंवार ‘न्यूमोनिया’ म्हणून औषधे घेतलेल्या बाळाचे छिद्र उशिरा सापडणे ही आपल्याकडची नेहमीची आणि टाळता येण्यासारखी गोष्ट आहे.

झोप दुबळ्या हृदयाला विसावा देते, तशी अडचणीतही आणते. गाढ झोपेत नाडी व रक्तदाब उतरतात, हा विसावा. स्वप्नझोपेत मात्र बरगड्यांमधले स्नायू सैल पडतात आणि श्वासाचा भार एकट्या श्वासपटलावर येतो. तान्ह्या बाळाच्या बरगड्या मऊ असल्याने श्वास घेताना छाती आत ओढली जाते. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप याच प्रकारची असते, म्हणून पाणी भरलेल्या फुप्फुसांचे सर्वाधिक हाल झोपेतच होतात.

फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांलगत पाणी साचले की तिथले जे-ग्राहक (ही खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोके) चेतवले जातात आणि श्वास जलद होतो. हे ग्राहक शोधले ते भारतीय शरीरक्रियावैज्ञानिक अवतार सिंग पेंटल यांनी. जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार उतरला, की झोपेतला मेंदू श्वासाचा हुकूमच थांबवतो. तो वायू पुन्हा साठला की मेंदू परत हुकूम देतो. मंद रक्ताभिसरणामुळे ही खबर मेंदूपर्यंत उशिरा पोहोचते, आणि श्वास चढत जाणे, उतरत जाणे, थांबणे असे आवर्तन सुरू होते. त्याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये त्याचे वर्णन केले. मोठ्यांत ते नेहमी दिसते. मुलांत कमी, पण कार्डिओमायोपॅथीच्या रुग्णांत मेंदूकडून होणारा श्वासविराम नोंदवला गेला आहे. तान्ह्या बाळाच्या श्वासात काही सेकंदांचे खंड पडणे मात्र बरेचदा स्वाभाविक असते.

श्वासविरामाचा दुसरा प्रकार अडथळ्याचा. टॉन्सिल व ॲडेनॉइड वाढलेले मूल घोरते, तोंडाने श्वास घेते. रात्रभर प्राणवायू घसरत राहिला तर फुप्फुसांतला रक्तदाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकते. निव्वळ या गाठींमुळे आलेले हृदय-अपयश शस्त्रक्रियेनंतर ओसरते, हे १९६० च्या दशकात दिसून आले. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांकडे इथे खास लक्ष हवे : त्यांच्यातील सुमारे निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो आणि श्वासमार्गही अरुंद असतो. चौथ्या वर्षापर्यंत त्यांची झोपतपासणी व्हावी अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस आहे. तासाला एकाहून जास्त अडथळे हे मुलांत विकृत मानतात. मोठ्यांत ही मर्यादा पाच आहे.

श्वसनसाहाय्याचा मुख्य मार्ग म्हणजे नाकातून सतत दाबाने हवा देणे, म्हणजेच सीपॅप. जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये नवजात बाळांसाठी, तर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये झोपेतल्या श्वासरोधासाठी ते यशस्वीपणे वापरल्याचे प्रसिद्ध केले. भारतातल्या नवजात कक्षांत त्याचे ‘बबल’ रूप परिचयाचे आहे : नळीचे टोक पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवले की तेवढाच दाब मिळतो. या दाबाने मिटू पाहणारे वायुकोश उघडे राहतात आणि श्वासाच्या स्नायूंचे कष्ट वाचतात. दमलेल्या बाळात हे स्नायू हृदयाने ढकललेल्या रक्ताचा बराच वाटा खात असतात. शिवाय छातीतला दाब वाढल्याने डाव्या जवनिकेला (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला) रक्त बाहेर ढकलणे सोपे जाते. म्हणून फुप्फुसांवरचा हा उपाय हृदयाचेही औषध ठरतो.

औषध म्हटले की मात्रा आणि अपाय आलेच. फॉन्टन शस्त्रक्रिया (शिरा थेट फुप्फुसांच्या रक्तवाहिनीला जोडणे) झालेल्या मुलांत शिरांतले रक्त पंपाशिवाय फुप्फुसांत वाहते. छातीतला जास्त दाब तो प्रवाह अडवतो. उजवी बाजू दुबळी असेल तरीही सावधगिरी लागते. हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असलेल्या बाळाला गरजेबाहेर ऑक्सिजन दिला, तर फुप्फुसांतल्या वाहिन्या सैलावून तिकडे आणखी रक्त धावते आणि शरीराच्या वाट्याचे कमी होते. श्वासानुसार दाब आपोआप बदलणारे यंत्र वापरलेल्या प्रौढांवरील एका मोठ्या चाचणीत, क्षीण डाव्या जवनिकेच्या आणि मुख्यतः मेंदूजन्य श्वासविरामाच्या रुग्णांत, हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. २०१५ मध्ये हे निष्कर्ष आले. मुलांची हृदये वेगळी असली, तरी यंत्राने श्वास सुरळीत दिसला म्हणजे हृदयाचे भले झाले असे समजू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

रोजच्या शुश्रूषेत साध्या गोष्टी मोलाच्या ठरतात. घट्ट मास्कने नाकावर जखम होते, आणि वर्षानुवर्षे वापरल्यास चेहऱ्याच्या मधल्या भागाची वाढ खुंटू शकते. हवा पोटात गेल्याने पोट फुगते, म्हणून दूध थोडे थोडे द्यावे लागते. डोक्याकडची बाजू उंच केल्याने धाप कमी होते; पण मानेखाली जाड उशी दिली किंवा खोल झोळीत हनुवटी छातीला टेकली, की श्वासमार्ग दुमडतो. मोठ्या मुलाला लघवी वाढवणाऱ्या औषधाची दुसरी मात्रा दुपारीच दिली, तर रात्रीची झोप मोडत नाही. अतिदक्षता कक्षात दिवे मंद करणे, यंत्रांचे आवाज कमी ठेवणे आणि रक्ततपासण्या एकत्र उरकणे हा उपचारांचाच भाग आहे. घरी यंत्र देताना विजेचा पर्यायी पुरवठा, मास्कची स्वच्छता आणि झोपेतला श्वास मोजण्याची सवय या तीन गोष्टी घरच्यांना रुग्णालयातून सुट्टी देण्यापूर्वी हाताने करून दाखवायला लावतात.