बर्नार्डच्या ताऱ्याचा 'गुरू' कधी नव्हताच

"बर्नार्डच्या ताऱ्याचा गुरूएवढा ग्रह १९६३ मध्येच सापडला होता, २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं," असं अजूनही सांगितलं जातं. पहिलं चूक, दुसरं तर निव्वळ गफलत.

हा तारा सुमारे ६ प्रकाशवर्षांवर. खगोलशास्त्रज्ञ पीटर व्हान डी काम्प यांनी अमेरिकेतल्या स्प्राउल वेधशाळेत १९१६ पासूनचे काचेवरचे फोटो मोजले, तेव्हा ताऱ्याची वाट किंचित नागमोडी दिसली. किंचित म्हणजे काचेवर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास! एखादा मोठा ग्रह ताऱ्याला ओढतोय, असा अर्थ त्यांनी १९६३ मध्ये लावला. १९७३ मध्ये जॉन हर्शी यांनी त्याच दुर्बिणीतून टिपलेले दुसरे तारे तपासले. तेही तसेच सरकलेले, आणि नेमके १९४९ व १९५७ च्या सुमारास, म्हणजे भिंगाच्या बैठकीत फेरफार झाले तेव्हाच. दोष दुर्बिणीचा होता. काम्प यांनी मात्र हे शेवटपर्यंत मानलं नाही.

मग २०२४ चा ग्रह? तो चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने, ताऱ्याच्या वर्णपटातल्या (प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या) रेषांच्या बारीक सरकण्यावरून सापडला. पृथ्वीहून हलका, फेरी ३.१५ दिवसांची. काम्प यांचा ग्रह म्हणे २४ वर्षं घेत होता! २०२५ मध्ये आणखी तीन ग्रह पक्के झाले, तेही पृथ्वीहून हलकेच.