गिझरचं सॉकेट काळं का पडतं?

गिझरचा प्लग काढताना चटका बसतो, किंवा एका भोकाभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी दिसतं. अशा वेळी मूळ दोष बहुधा सॉकेटच्या मागे वायर धरणाऱ्या ढिल्या स्क्रूचा असतो. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर करंट घेतो. जोडात अर्धा ओहम रोध (करंटला अडथळा) आला, तर तिथेच ३८ वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं! तांबं तापतं, त्यावर ऑक्साइड चढतं, रोध आणखी वाढतो. करंट मात्र वाढत नाही, म्हणून एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही.

सांगलीत आणखी एक कारण आहे: पूर. २०१९ साली कृष्णेचं पाणी शिरलेल्या घरांत बोर्डाच्या डब्यात गाळ बसला. गाळ ओल धरतो आणि फेज (जिवंत वायर) आणि न्यूट्रल (करंटच्या परतीची वायर) यांच्यामध्ये करंटला वाट देतो. असं सॉकेट धुऊन-वाळवून परत लावू नये.

बदलताना फक्त त्या खोलीचा एमसीबी पाडून भागत नाही. एकेरी एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, आणि इन्व्हर्टरची लाईन तर लाईट गेल्यावरही जिवंत असते. मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टरही बंद करा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर पेटवून बघा, मगच मेन बंद करून इथे लावा. लाकडी स्टुलावर उभं राहिलात तर टेस्टर मंद पेटतो, कधी पेटतच नाही. त्यामुळे तो पेटला नाही म्हणजे वायर मेलीच, असं समजू नका.

नवं सॉकेट १६ अँपिअरचं, आयएसआय मार्कचं घ्या. वायर किमान २.५ चौरस मिलिमीटरची हवी. गिझरला ४ ची असेल तर उत्तम. जुन्या वायरी सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. समोरून पाहता अर्थिंग वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. मागून मात्र डावं-उजवं उलटं होतं, आणि घोळ इथेच होतो. म्हणून टर्मिनलवरची खूण वाचा. वायरच्या रंगावर विसंबू नका, जुन्या वाड्यांत कुठलाही रंग कुठेही सापडतो.

जळून कडक झालेलं टोक छाटा. ताजं तांबं साधारण १० मिलिमीटर उघडं करून तारा पिळा, आत घालून स्क्रू घट्ट आवळा. टोकाला सोल्डर लावू नका. कथील दाबाखाली हळूहळू सरकतं आणि जोड परत ढिला होतो. आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहा. अर्थिंगची हिरवी वायर मिळालीच नाही, वायर अॅल्युमिनियमची निघाली किंवा भिंतीच्या आतपर्यंत जळालेली दिसली, तर तिथेच थांबून परवानाधारक वायरमनला बोलवा.

शेवटी गिझर पंधरा मिनिटं चालवा, स्विच बंद करून प्लग काढा आणि त्याच्या पाठीला हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर मेन बंद करून तोच स्क्रू परत बघा. तो घट्ट असेल, तर प्लगच्या आतले स्क्रू तपासा.