आपला विषय ग्रामसभेच्या ठरावापर्यंत कसा न्यायचा: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

ग्रामसभेची नोटीस शेवटपर्यंत वाचून बघा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्च, लाभार्थी निवड, पाणीपुरवठा अशी यादी संपली की तळाशी एक ओळ हमखास असते: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’. गावकऱ्यांच्या निम्म्या मागण्या या ओळीत येऊन पडतात. तिथवर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि पुढच्या चार रांगा सोडल्या तर सतरंजी रिकामी असते. आपला विषय त्या ओळीच्या वर कसा आणायचा आणि रजिस्टरमध्ये नीट कसा उतरवून घ्यायचा, तेवढंच इथे सांगतो. सगळी माहिती महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींपुरती आहे.

आधी एक घोळ मिटवू. मासिक सभा निवडून आलेल्या सदस्यांची असते. ग्रामसभा गावातल्या सगळ्या मतदारांची. ‘आम्ही काही मेंबर नाही’ म्हणून घरी बसणारे भेटतात, पण मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्यच असतो. घटनेच्या ७३व्या दुरुस्तीने (ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली) ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. आपल्याकडचा रोजचा कारभार चालतो तो १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमावर.

पात्रतेची अट एवढी एकच: त्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव. घर नावावर असण्याची गरज नाही, शिक्षणाची अट नाही. अडचण होते ती लग्न होऊन आलेल्या सुनांची. दहा-दहा वर्षं गावात राहतात आणि नाव अजून माहेरच्या यादीत. त्यासाठी मतदार नोंदणीचा नमुना ८ भरून नाव सासरच्या पत्त्यावर आणावं लागतं. हे सभेच्या आदल्या दिवशी होत नाही, तेव्हा आधीच उरकून घ्या.

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. बऱ्याच गावांत त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या आसपास होतात. नेहमीच्या सभेची नोटीस सात दिवस आधी निघाली पाहिजे, फलकावर लागली पाहिजे आणि दवंडीही दिली पाहिजे. पुरेसं कारण नसताना सरपंचाने सभाच घेतली नाही, तर त्याचं पद जाऊ शकतं. निर्णय जिल्हाधिकारी देतात.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. ती बरेचदा फक्त कागदावर होते, हे खरं. पण पाणी, दारू, अंगणवाडी, शौचालय यांतला विषय असेल तर आधी तिथे मांडून नोंदवून घ्या. महिला सभेची शिफारस म्हणून ग्रामसभेपुढे आलेला विषय बाजूला सारणं जड जातं.

आता अर्ज. यासाठी छापील फॉर्म शोधत बसू नका, साधा कागद चालतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात) यांच्या नावे लिहा. विषयाच्या ओळीत ‘येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत विषय समाविष्ट करण्याबाबत’ असं स्पष्ट यायला हवं. एका अर्जात एकच काम. रस्ता, दिवे, गटार, स्मशानभूमी सगळं एका अर्जात कोंबलं की उत्तरही एकाच वाक्यात येतं: ‘निधी उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल.’ सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटी तुम्हाला हवा असलेला ठरावाचा मजकूर तुमच्याच शब्दांत लिहून द्या: ‘अमुक वस्तीच्या रस्त्यावरील ओढ्यावर मोरी बांधण्याचे काम पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेण्यात यावे.’ लिहिणाऱ्याला तयार मजकूर मिळाला की तो बहुधा तसाच उतरवतो.

सोबत काय लावायचं? कायद्याने मागितलेली अशी मोठी यादी नाही. माझ्या अनुभवात इतकं पुरतं: मतदार ओळखपत्राची झेरॉक्स, जागेचे दोन-तीन फोटो, हाताने काढलेला नकाशा आणि त्या वस्तीतल्या लोकांच्या सह्या. काम कुणाच्या खासगी जमिनीतून जाणार असेल तर सातबारा आणि मालकाचं लेखी संमतीपत्र आधी मिळवा. तेवढ्यावरून मंजूर कामं वर्षानुवर्षं अडतात. घरकुलासारखा वैयक्तिक लाभ असेल तर त्या योजनेची कागदपत्रं वेगळी लागतात. ग्रामसभा पात्रांच्या यादीवर शिक्कामोर्तब करते.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. ‘राहू द्या हो, मी बघतो’ असं कुणी म्हटलं तर हसून तिथेच थांबा आणि पोच घेऊनच निघा. अर्ज नोटीस निघायच्या आधी द्यायचा, नंतर दिलात तर पुन्हा ऐनवेळच्या ओळीत.

सभेच्या दिवशी पहिला प्रश्न गणपूर्तीचा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर लागतात. दोन हजार मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ३००, पण १०० वर भागतं. चारशे मतदारांच्या छोट्या गावात ६०. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. लोकांची चूक नेमकी इथेच होते. सभा तहकूब झाली की विषय संपला असं समजून दुसऱ्या सभेला कुणी फिरकत नाही, आणि तिथे पंधरा-वीस जण गावाच्या वर्षभराच्या कामांना मान्यता देऊन मोकळे होतात. तहकूब सभेत आधीच्या पत्रिकेवरचेच विषय चालतात, म्हणून तुमचा अर्ज वेळेत गेलेला असेल तर तो तिथेही जिवंत असतो. तहकूब सभा चुकवू नका.

विषय पुकारला की उभं राहून मांडा आणि ‘सूचक म्हणून माझं नाव, अनुमोदक म्हणून यांचं नाव घ्या’ असं मोठ्याने सांगा. अनुमोदक आधीच ठरवून ठेवा. आमच्या वस्तीच्या मोरीवर एका सभेत अर्धा तास तावातावाने बोलणं झालं, माना डोलावल्या गेल्या, टाळ्याही पडल्या. पुढे नक्कल हातात आली तेव्हा तिथे एकच ओळ होती: ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा करण्यात आली.’ म्हणजे ठराव नाहीच! तेव्हापासून उठण्याआधी ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते मंजूर’ किंवा ‘बहुमताने मंजूर’ हे शब्द वाचून दाखवा म्हणून आग्रह धरतो. कोऱ्या पानावर हजेरीची सही मात्र कुणी कितीही घाई केली तरी करत नाही.

आर्थिक वर्षातल्या पहिल्या सभेला जमाखर्चाचं वार्षिक विवरण, मागच्या वर्षाचा प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवावे लागतात. तुमच्या कामाला पैसा आहे की नाही ते तिथेच कळतं. केंद्राकडून ग्रामपंचायतींना येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवलेली होती. त्यातून रस्ता मागितला की नकार ठरलेला असायचा. आराखडा आणि खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर दिसतो, जाण्याआधी एकदा बघून घ्या.

वनहक्क दाव्यांसाठी (जंगलातल्या जमिनीवरच्या हक्कांसाठी) बसणाऱ्या ग्रामसभेचं गणित निराळं आहे. तिथे निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. नेहमीच्या गणपूर्तीवर असा ठराव घेतला तर दावा पुढे अडकू शकतो.

ठराव झाल्यावर नक्कल मागा. तोंडी मागून मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. नकलेचे पानामागे २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी लागते. उत्तरासाठी ३० दिवस, नंतर पहिलं अपील. अर्जात ‘अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची व हजेरीपटाची साक्षांकित प्रत’ असं नेमकं लिहा. नुसतं ‘ग्रामसभेची माहिती’ मागितलीत तर ‘माहितीचा बोध होत नाही’ असं उत्तर यायला वाव राहतो.

ठराव होऊनही काम हलत नसेल, किंवा अर्ज दिलेला असून विषयच घेतला नसेल, तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, त्यानंतर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. दोन्हीकडे पहिल्याच टेबलावर विचारतात, ‘पोच आहे का?’ आवक क्रमांकाची ती प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबतच न्या.