जाळून टाकण्यासाठी बनलेला साचा

पी-१२३ नावाचं पॉलिमर डब्यात पांढरट, घट्ट मलमासारखं असतं. चमच्याला असं चिकटतं की चार ग्रॅम वजन करून घेतानाही वैताग येतो. पाण्यात विरघळवायचं तर पाणी गार हवं. तापवलं की काम सोपं होण्याऐवजी बिघडतं. साखर-मिठाची सवय असलेल्यांना हे उलटं वाटेल, पण पुढचं सगळं याच उलटेपणावर उभं आहे.

पॉलिमर म्हणजे साखळीसारखा लांब रेणू. या पॉलिमरची साखळी तीन तुकड्यांची असते. दोन्ही टोकांना पॉलिइथिलिन ऑक्साइडचे सुमारे २०-२० दुवे आणि मध्ये पॉलिप्रॉपिलिन ऑक्साइडचे ७०. टोकांचं पाण्याशी छान जमतं. मधल्या तुकड्याच्या मात्र दर दुव्यावर एक मिथिल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचा छोटा, पाण्याशी न जमणारा तुकडा लटकलेला असतो. गार पाण्यातले रेणू त्याच्याभोवती कसेबसे नांदतात आणि तापमान वाढलं की साथ सोडतात. मग हे मधले तुकडे पाणी टाळायला एकमेकांत घुसतात. तेल असतं तर सरळ वेगळं होऊन वर तरंगलं असतं. इथे ती सोय नाही, कारण पाण्यात राहू पाहणारी टोकं त्यांना रासायनिक बंधाने जखडलेली आहेत. पूर्ण काडीमोड शक्य नसल्यामुळे साखळ्या काही नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) पुंजके करून राहतात, पाणी टाळणारा भाग आत आणि पाण्याकडे ओढ असलेला बाहेर. पुंजका गोल होणार की लांब नळीसारखा, हे मुख्यतः दोन्ही भागांच्या लांबीच्या प्रमाणावर ठरतं. रसायनशास्त्रज्ञ त्याला स्वयंरचना म्हणतात.

१९९८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा इथल्या शाखेत दोंगयुआन झाओ, गॅलेन स्टकी आणि सहकाऱ्यांनी या पुंजक्यांना कामाला लावलं. कृती स्वयंपाकाच्या वहीत मावेल एवढीच आहे. पाणी आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ४ ग्रॅम पी-१२३ विरघळवायचं, ३५ अंश सेल्सिअसला साडेआठ ग्रॅम टीईओएस हे सिलिकॉनचं संयुग घालून २० तास ढवळायचं, मग न ढवळता रात्रभर ८० अंशांवर ठेवायचं. टीईओएसपासून तयार होणारी सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, पुंजक्यांच्या बाहेरच्या टोकांभोवती जमते आणि जमता जमता नळ्यांची षटकोनी मांडणी पक्की होते. गाळून, वाळवून पूड ५०० अंशांवर भाजली की पॉलिमर जळून जातं आणि जिथे ते होतं तिथे भोकं उरतात. पितळेची मूर्ती ओतणारे ओतारी मेणाचं रूप मातीत लिंपून भट्टीत मेण घालवतात, तोच हा प्रकार. फक्त इथलं मेण कुणी हाताने कोरलेलं नाही.

हाती येते ती साधी पांढरी पूड, नाव एसबीए-१५. भोकांचा व्यास कृतीप्रमाणे ४.६ ते ३० नॅनोमीटर. एका ग्रॅमचं पृष्ठफळ ६९० ते १०४० चौरस मीटर, म्हणजे चिमूटभर पुडीत सात ते दहा गुंठे. याआधी १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी साबणासारख्या छोट्या रेणूंवर अशीच सिलिका घडवली होती. पण तिच्या भिंती जेमतेम एक नॅनोमीटर जाडीच्या, उकळत्या पाण्यात ढासळणाऱ्या. पॉलिमरवर घडलेल्या भिंती ३ ते ६ नॅनोमीटरच्या असल्याने टिकल्या.

खरी गंमत या भिंतींच्या आत आहे. साखळ्यांची टोकं सिलिकेत रुतलेली असतात. ती जळाली की भिंतीतही बारीक छिद्रं पडतात आणि शेजारशेजारच्या नळ्या एकमेकींना जोडल्या जातात. वरवर पाहता हा साच्यातला दोषच. पण दक्षिण कोरियात काइस्ट या संस्थेत रिओंग र्‍यू यांच्या गटाने २००० साली याच पुडीत साखरेचं द्रावण आणि थोडं सल्फ्युरिक आम्ल भरलं, ९०० अंशांवर साखरेचा कोळसा केला आणि सिलिका हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवली. उरल्या कार्बनच्या सळ्या, त्याही षटकोनी ओळीत तशाच उभ्या, कारण भिंतीतल्या छिद्रांत तयार झालेल्या कार्बनच्या पुलांनी त्यांना धरून ठेवलं. मोबिलच्या सिलिकेत असे पूल नसल्यामुळे साचा काढताच सळ्यांची शिस्त मोडते.

या कार्बनचं नाव सीएमके-३. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नाझर यांच्या गटाने २००९ मध्ये त्याच्या सळ्यांमधल्या ३-४ नॅनोमीटरच्या फटींत वितळलेलं गंधक शोषून घेतलं आणि लिथियम-सल्फर बॅटरीचा इलेक्ट्रोड बनवला. गंधक स्वस्त आहे, पण वीज वाहत नाही, लिथियम घेताना सुमारे ८० टक्के फुगतं आणि मधल्या टप्प्यातली त्याची संयुगं बॅटरीच्या द्रवात विरघळून निसटतात. कार्बनच्या फटीत कोंडल्याने त्याला वीज मिळते, फुगायला जागा राहते आणि निसटणं कमी होतं. थांबत मात्र नाही.

स्वयंरचनेचा बोलबाला जास्त झाला तो चिपच्या बाबतीत. १९९७ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने अशा पॉलिमरच्या पातळ थराचा साचा वापरून एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे १०० अब्ज भोकं पाडली होती. मला पुडीची बाजू जास्त पटते. चिपवर एक नळी भलतीकडे वळली तर तो भाग बाद होऊ शकतो. पुडीत हजारो वळल्या तरी बिघडत नाही, गंधक आत जातंच. तिथली अडचण खर्चाची आहे. पॉलिमर जाळण्याऐवजी इथेनॉलने धुऊन परत मिळवता येतं, हे १९९८च्या शोधनिबंधातच आहे. पण कार्बन हवा असेल तर इतक्या निगुतीने घडवलेली सिलिका दर खेपेला विरघळवून गमवावी लागते, आणि तीही हायड्रोफ्लोरिकसारख्या हाडापर्यंत पोचणाऱ्या आम्लात किंवा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात.