विमान उतरताना बाळ का रडते?

विमान उतरू लागले की केबिनमध्ये कुठेतरी एखादे तान्हे बाळ रडायला लागते आणि काही मिनिटांत त्याला आणखी दोघातिघांची साथ मिळते. शेजारचे प्रवासी वैतागतात, आईवडील ओशाळतात आणि बाळ प्रवासाला कंटाळले आहे असे मानून सगळे विमान थांबण्याची वाट पाहतात. प्रत्यक्षात अशा वेळी बऱ्याचदा बाळाचा कान दुखत असतो. हे दुखणे पुष्कळ अंशी टाळता येण्यासारखे असल्यामुळे त्यामागचे शास्त्र प्रत्येक आईवडिलांपर्यंत पोहोचायला हवे, असे मला मनापासून वाटते.

विमान 35,000 फुटांवर उडत असले तरी केबिनमधील हवेचा दाब तितका खाली जाऊ दिला जात नाही. तो साधारणपणे 6,000 ते 8,000 फूट उंचीवरच्या दाबाइतका राखला जातो, म्हणजे प्रवासी कळसूबाईच्या शिखरापेक्षाही विरळ हवेत बसलेले असतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 1,013 हेक्टोपास्कल असतो आणि 8,000 फुटांवर तो 750च्या आसपास येतो. मुंबईला उतरताना हा सगळा फरक वीस-पंचवीस मिनिटांत भरून निघतो.

कानाच्या पडद्यामागे मध्यकर्ण नावाची हवेची लहानशी पोकळी असते आणि ती युस्टेशियन नलिकेने नाकाच्या मागच्या बाजूला जोडलेली असते. ही नलिका एरवी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक स्नायू तिला क्षणभर उघडतो. विमान वर चढताना पोकळीतील हवा प्रसरण पावते आणि नलिकेतून आपोआप बाहेर पडते, त्यामुळे उड्डाणाच्या वेळी त्रास कमी होतो. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो, पडदा आत ओढला जातो, आणि भिजलेल्या कागदी स्ट्रॉने ओढू पाहावे तशा नलिकेच्या मऊ भिंती एकमेकींना चिकटतात. ती आता स्नायूनेच उघडावी लागते.

बाळाची अडचण इथेच आहे. कानाचा पडदा जन्मतःच जवळजवळ मोठ्या माणसाच्या आकाराचा असतो, पण ही नलिका मोठ्यांच्या तुलनेत निम्म्याच लांबीची असते. मोठ्यांमध्ये ती सुमारे 35 मिलिमीटर, तर तान्ह्या बाळात 18 मिलिमीटरच्या आसपास भरते. मोठ्यांची नलिका सुमारे 45 अंशांनी तिरकी असते, बाळाची जेमतेम 10 अंशांनी, म्हणजे जवळपास आडवी. तिची कूर्चा (मऊ हाड) लवचीक असते आणि स्नायूची ओढही तिच्यावर नीट बसत नाही. केबिनमधील दाब उतरताना मिनिटाला साधारण 10 हेक्टोपास्कलने वाढतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक 120 हेक्टोपास्कलच्या आसपास गेला, की स्नायूला नलिका उघडणेच शक्य होत नाही आणि ती जणू कुलूपबंद होते. याचा अर्थ दहा-बारा मिनिटे एकदाही नलिका उघडली नाही तर वेळ हातची जाते. झोपेत गिळणे फारच कमी होते, म्हणून सर्वांत जास्त धोका शांत झोपलेल्या बाळाला असतो.

म्हणूनच ‘झोपलंय ना, झोपू दे’ हा एरवीचा शहाणपणा इथे उपयोगी पडत नाही. चाके टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी, उतरणे सुरू होताच, बाळाला हळूच जागे करावे आणि उभट धरून अंगावर किंवा बाटलीने दूध पाजावे. ही वेळ केबिन कर्मचाऱ्यांना आधीच विचारून ठेवता येते, कारण पट्टे बांधण्याची सूचना येईपर्यंत दाब बराच वाढलेला असू शकतो. पुष्कळ आया उड्डाणाच्या वेळीच पोटभर पाजतात. मग छोट्या प्रवासात, उदाहरणार्थ दिल्लीहून मुंबईला येताना, उतरण्याच्या वेळी बाळ दूध घ्यायला तयार नसते. चढताना थोडेच पाजून मुख्य पाजणे उतरण्यासाठी राखून ठेवावे, आणि बाळ दूध घेतच नसेल तर चोखणी द्यावी. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पेल्यातून घोट घोट पाणी द्यावे. गोळी किंवा च्युइंगगम मात्र चार वर्षांखालील मुलाला देऊ नये, कारण ते घशात अडकण्याचा धोका कानदुखीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

आपल्याकडे बाळाच्या कानात कापूस घालण्याची पद्धत आहे. त्याने गोंगाट थोडा कमी होतो, पण कापसातून हवा सहज आरपार जाते, त्यामुळे दाबावर काहीच परिणाम होत नाही. झोपेचे औषध देण्याचा सल्ला तर ऐकूच नये. त्याने गिळणे आणखी कमी होते, श्वासावर परिणाम होऊ शकतो आणि काही मुले शांत होण्याऐवजी उलट अधिकच चिडचिडी होतात. सर्दीने नाक चोंदलेले असेल तर नलिकेचे तोंडही सुजलेले असते, तेव्हा प्रवासाआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

लेहची गोष्ट वेगळी आहे, आणि हल्ली महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे तिथे लहान मुलांना घेऊन जातात म्हणून ती सांगायला हवी. लेहचा विमानतळ सुमारे 3,250 मीटर (सुमारे 10,700 फूट) उंचीवर आहे, म्हणजे केबिनमधील नेहमीच्या दाबाच्या उंचीपेक्षाही वर. तिथे उतरताना दाब शेवटी कमीच होतो. परतीच्या प्रवासात मात्र विमान आकाशात चढत असतानाच केबिनमधील दाब वाढू लागतो, त्यामुळे लेहहून निघताना उड्डाणाच्या वेळीही पाजावे लागते.

नवजात बाळाचा प्रश्न कानापुरता राहत नाही. 8,000 फुटांवरच्या दाबाला श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीवरच्या 21 टक्क्यांऐवजी जेमतेम 15 टक्के असल्यासारखा असतो. निरोगी बाळ हे सहन करते, पण जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत फुप्फुसांतील रक्ताभिसरण अजून स्थिरावत असते. म्हणून पहिले 2 दिवस विमानप्रवास करू नये आणि शक्यतो आठवडा उलटू द्यावा, असे विमानवैद्यक सांगते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा हृदय-फुप्फुसांचा विकार असलेल्या बाळासाठी डॉक्टरांची परवानगी अनिवार्य समजावी.

दोन वर्षांखालील मूल मांडीवर नेण्याची मुभा असते, पण मांडी ही सुरक्षित जागा नव्हे. विमानाला गुरुत्वाकर्षणाच्या चौपट धक्का बसला तर 8 किलोचे बाळ हातांना 32 किलोचे वाटते, तेही अचानक. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत सू सिटी येथे झालेल्या अपघातात मांडीवरच्या चार मुलांना सूचनेप्रमाणे पायाशी जमिनीवर ठेवण्यात आले होते. त्यांपैकी एक दगावले. तेव्हापासून तिथे मुलांसाठी स्वतंत्र आसन सक्तीचे करण्याची मागणी होत आली आहे, पण तिकिटाच्या खर्चामुळे कुटुंबे अधिक धोकादायक रस्तेप्रवासाकडे वळतील, असे कारण देऊन तेथील विमान प्रशासनाने 2005मध्ये ती नाकारली. खर्च झेपत असेल तर बाळासाठी वेगळी जागा घ्यावी आणि विमानात वापरण्यास मान्यता असलेले बालआसन न्यावे. त्याची रुंदी विमानाच्या आसनात बसते का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.