टांकसाळीची चूक की मातीचा मार? एका गोंधळाची पार्श्वभूमी

'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही सगळी अक्षरे पूर्ण दिसणारी शिवराई, म्हणजे शिवकाळापासूनचे तांब्याचे नाणे, सहसा हाती लागत नाही. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, आणि हातोडा बसेल तिथे बसेल. कुठे 'जा' अर्धा तुटलेला, कुठे 'पति' चकतीबाहेर. अशी शिवराई कोणी 'एरर', म्हणजे टांकसाळीत चुकून वेगळे पडलेले दुर्मीळ नाणे, म्हणून विकत असेल तर पुढच्या दुकानात जावे. चूक ठरवायला आधी माप ठरलेले लागते. ते कंपनी सरकारने १८३५ साली ठरवले: रुपया ११.६६ ग्रॅमचा, सगळीकडे सारखा, यंत्रावर पाडलेला.

यंत्र आले तशा यंत्राच्या चुकाही आल्या. पाडलेले नाणे ठशालाच चिकटून राहिले की पुढच्या चकतीवर एका बाजूला नेहमीची छाप उमटते, दुसऱ्या बाजूला तीच उलटी आणि खोलगट. बाजारात याला 'लखी' म्हणतात. दोन नाणी शिकंजात दाबून घरगुती लखीही तयार होते, पण तिच्यात खालची मूळ छाप चेपलेली, तरी ओळखू येण्याजोगी राहते.

खरा घोळ दशमान पद्धतीनंतरचा. १९५७ मध्ये नवा पैसा आला, साठच्या दशकात ॲल्युमिनियम आले, आणि १९८८ पासून स्टील. एक पैशाचे चौकोनी ॲल्युमिनियमचे नाणे जेमतेम ०.७५ ग्रॅमचे. चुना किंवा सोडा लागला तरी ते झिजते, कडा खाल्ल्या जातात, आणि अल्बममध्ये 'पातळ चकतीची चूक' म्हणून जाऊन बसते. कड तुटलेल्या गोल नाण्याची एक जुनी परीक्षा आहे. चकती कापतानाच तुकडा गेला असेल, तर कड उभारणाऱ्या यंत्रात त्या जागी दाब बसत नाही आणि नेमकी समोरची कडही बसकी राहते. गंजाने खाल्लेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठणठणीत असते.

या सगळ्यावर एका शब्दाने पांघरूण घातले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत नाणी तपासून, प्रत ठरवून, प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करण्याचा धंदा रुजला. खराब नाणी सुरुवातीला प्रत न देताच परत येत. मग ठरले की तीही डबीत घालायची, वर 'डीटेल्स' लिहायचे आणि कारण द्यायचे. त्यातले एक कारण 'एन्व्हायर्नमेंटल डॅमेज'. या निर्णयाने संग्राहकापेक्षा डबीवाल्यांचे जास्त भले झाले, असे माझे मत. शब्द इथे आला तो पुष्कळांनी 'पर्यावरणीय हानी' असा केला. ऐकून वाटावे, नाण्यावर कारखान्याचा धूर बसलाय. मातीतला हिरवा कळंक, खाऱ्या पाण्याने पडलेले खड्डे, सगळे एकाच चिठ्ठीखाली. देवघरातला, दर लक्ष्मीपूजनाला चिंचेने घासलेला राणीछाप रुपया मात्र त्यात नाही. त्याला 'क्लीन्ड' ही वेगळी चिठ्ठी. आणि कितीतरी शिवराई नाणी तर मातीतूनच वर आलेली. त्या हिशेबाने महाराष्ट्राचा तांब्याचा इतिहास सरसकट 'डॅमेज' ठरतो. आजीच्या पिढीकडे कळंक, गंज, लोणा असे तीन शब्द होते आणि तिन्हींवर उपाय वेगळे. चिठ्ठी फक्त किंमत किती उतरली ते सांगते. नाण्याचे नेमके काय झाले ते तिच्यावर नसते.

स्टीलने यात आणखी एक पदर जोडला. नाशिकला रामकुंडावर दोरीला चुंबक बांधून पैसे काढणारी पोरे पाहिली असतील. चुंबकाला स्टील येते. तांबे आणि निकेलच्या मिश्रधातूचा रुपया किंवा पावली येत नाही, ती गाळात राहते आणि पाणी आटले की कधीतरी वर निघते. तोवर पृष्ठभागावरचे निकेल निघून गेलेले असते आणि नाणे लालसर दिसते. विक्रेता सांगतो, 'तांब्याच्या चकतीवर पडलेला रुपया, लाखात एक.' तराजूही इथे साथ देत नाही, कारण तांब्याची आणि या मिश्रधातूची घनता जवळपास सारखी. भिंग घ्यावे आणि सिंहाची आयाळ पाहावी. चुकीच्या चकतीवर पडलेल्या कोऱ्या नाण्यात केसांच्या रेषा चाकूने कोरल्यासारख्या असतात. गाळातल्या रुपयात तिथे भाजलेल्या रव्यासारखे दाणे दिसतात, आणि आकड्यांच्या बेचक्यांत नदीचा काळा गाळ अजून बसलेला असतो.