पिळाच्या तराजूपासून थरथरत्या नॅनोतारेपर्यंत

एखादं क्षीण बल मोजायचं तर त्याच्यासमोर काहीतरी लवचीक धरायचं आणि ते किती हलतं ते पाहायचं, ही युक्ती जुनीच आहे. लंडनमध्ये १७९७-९८ साली हेन्री कॅव्हेंडिशने गोळ्यांमधलं गुरुत्वाकर्षण मोजण्यासाठी पिळाचा तराजू वापरला: बारीक तारेवर आडवी दांडी टांगली, तिच्या दोन्ही टोकांना शिशाचे छोटे गोळे लावले आणि त्यांच्याजवळ सुमारे १५८ किलोचे मोठे गोळे आणले. हवेची झुळूकसुद्धा मोजमाप बिघडवेल म्हणून त्याने खोली बंद ठेवली आणि भिंतीबाहेरून दुर्बिणीतून वाचन घेतलं. तारेचा ताठरपणा त्याने काढला तो दांडीच्या झोक्यांच्या काळावरून. आज प्रयोगशाळेत नॅनोतारेवर, म्हणजे केसाहून कितीतरी पट बारीक तारेवर, काम करणाऱ्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

झुळूक अडवता येते, उष्णता अडवता येत नाही. कोणतीही लवचीक वस्तू तिच्या तापमानामुळे सतत आपोआप थरथरत असते. ब्राउनी गतीमागचं हे कारण १९०५ मध्ये आइन्स्टाइनने उलगडलं. पुढे १९५१ मध्ये कॅलन आणि वेल्टन यांनी सर्वसाधारण नियम मांडला: वस्तूच्या हालचालीत जितकी ऊर्जा वाया जाते, तितका तिच्यावरचा हा उष्णतेचा गोंगाट मोठा. मला या सगळ्या इतिहासाचा कणा हा नियमच वाटतो. बल मोजणारी वस्तू फार हलकी हवी, एकदा छेडली की बराच वेळ कंप पावत राहणारी हवी आणि थंड हवी. पुढची सगळी धडपड याच दिशेने झाली.

१९८६ मध्ये बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक बनवला. त्यात एक लवचीक पट्टी नमुन्यावरून फिरते आणि तिच्या वाकण्यावरून बल कळतं. पहिली पट्टी सोन्याच्या वर्खाची होती आणि टोकाला हिऱ्याचा कण होता. १९९१ मध्ये जॉन सिडल्स यांनी वेगळंच स्वप्न मांडलं: अशाच पट्टीने अणुकेंद्रकांचं चुंबकत्व जोखायचं, म्हणजे एकेका रेणूचा एमआरआय काढायचा. आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत डॅनियल रुगार यांच्या गटाने ते मनावर घेतलं. २००४ मध्ये त्यांनी सिलिकॉनच्या पट्टीने एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचं चिमुकलं चुंबकत्व, टिपला. बल होतं काही अ‍ॅटोन्यूटन. एक अ‍ॅटोन्यूटन म्हणजे एका जिवाणूच्या वजनाचा साधारण दहा हजारावा भाग! एकेका बिंदूसाठी तासन्‌तास सरासरी काढत बसावं लागलं. २००९ मध्ये याच पद्धतीने तंबाखूच्या मोझॅक विषाणूची त्रिमित प्रतिमा मिळाली.

पण या पट्ट्या वरून खाली कोरून काढलेल्या असतात, आणि फार बारीक कोरायला गेलं की पृष्ठभागावरचे दोषच ऊर्जा खाऊ लागतात. नॅनोतार कोरत नाहीत, ती वाढवतात. बेल लॅब्समध्ये वॅग्नर आणि एलिस यांनी १९६४ मध्येच ही रीत सांगितली होती. सोन्याचा सूक्ष्म थेंब सिलिकॉनवर ठेवून तापवायचा आणि वरून सिलिकॉनयुक्त वायू सोडायचा. थेंबात सिलिकॉन मुरतं, मावेनासं झालं की खाली स्फटिक बनून जमा होतं, आणि थेंबाला डोक्यावर घेऊन तार उंच होत जाते. थेंब जेवढा, जवळपास तेवढीच तारेची जाडी.

अडचण होती ती तार पाहण्याची, कारण ती प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही बारीक. २००८ मध्ये राफी बुडाकियान यांच्या गटाने लेसरचं ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, तारेच्या लांबीला समांतर ठेवलं. त्यामुळे परतणारा प्रकाश वाढला आणि तारेची थरथर वाचता आली. बुडाकियान २००४ च्या प्रयोगातलेच. पुढे त्यांच्याच गटाने नॅनोतारेने अणुकेंद्रकांचं चुंबकीय अनुस्पंदनही (एमआरआयमागचं तत्त्व) टिपलं.

२०१३ मध्ये बार्सिलोनात कार्बन नॅनोनलिकेने, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळीने, १२ झेप्टोन्यूटनची (झेप्टोन्यूटन म्हणजे अ‍ॅटोन्यूटनचा हजारावा भाग) संवेदनक्षमता गाठली. विक्रम मोठाच, पण ती नलिका दोन्ही टोकांना बांधलेली. नमुन्यावरून फिरवायची कशी? नॅनोतारेचं एक टोक मोकळं असतं. ती नमुन्यावर उभी टांगता येते, त्यामुळे पृष्ठभागाच्या ओढीने चिकटून बसत नाही.

खरी नवलाई २०१७ ची. नॅनोतार जोंधळ्याच्या ताटासारखी कोणत्याही बाजूला डुलू शकते. छेद अगदी सममित नसल्याने काटकोनातल्या दोन दिशांची कंपनं किंचित वेगळ्या वारंवारतेची असतात. नमुना जवळ आला की दोन्ही वारंवारता सरकतात आणि कंपनांच्या दिशाही वळतात. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये मार्तिनो पोज्जो यांच्या गटाने गॅलियम आर्सेनाइडच्या तारेने आणि फ्रान्समधल्या ग्रनोब्लमध्ये ऑलिव्हिए आर्सीझे यांच्या गटाने सिलिकॉन कार्बाइडच्या तारेने हे वापरून बलाचा दोन दिशांतला नकाशा काढला. तोवरचा सूक्ष्मदर्शक बहुतेक वेळा एकाच दिशेचा बदल सांगत असे. पोज्जो हेही २००९ च्या विषाणू-प्रयोगातले. २०१९ मध्ये त्यांच्या गटाने तारेच्या टोकावर मँगनीज आर्सेनाइडचा चुंबकीय स्फटिक वाढवून चुंबकीय बल मोजायला सुरुवात केली.